ओवीच्या आईचा शरद ऋतू

ओवीच्या आईला स्वतःचं नाव आहे. ते आधार कार्डावर आहे, हिंजवडीतल्या कंपनीने गळ्यात अडकवलेल्या ओळखपत्रावर आहे आणि माहेरच्या माणसांच्या तोंडी आहे. कोथरूडच्या सोसायटीत, शाळेच्या फाटकाशी आणि व्हॉट्सअॅपच्या चार ग्रुपांवर मात्र ती ओवीची आई, आणि तशी हाक आली की ती वळून बघते. वय बत्तीस-तेहतीस. घरात एक नवरा, एक सासूबाई आणि मोठ्या शिशूत जाणारी एक ओवी. ही बाई एकटीच आहे, असं कुणी समजू नये. ठाण्यात घोडबंदर रोडला ती रेयांशची आई असते, नाशकात गंगापूर रोडला अन्वीची. गाडीचा रंग आणि सासूबाईंचं मूळ गाव बदलतं, बाकी मजकूर तोच. आपण सोयीसाठी पुण्याची प्रत घेऊ.

वर्षाचे नऊ-दहा महिने ही बाई चारचौघींत खपून जाते. उन्हाळ्यात आंब्याच्या पेटीचा भाव विचारते, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांवर पंखा सोडते. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला की तिच्यात फरक पडू लागतो. ती कालनिर्णयासमोर पेन घेऊन उभी राहते. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने, आणि या दोन महिन्यांत ओवीला जे जे ‘एक्सपिरियन्स’ मिळायला हवेत त्यांची यादी तिच्या फोनमध्ये तयार असते. मागच्या पिढीतल्या आयांनी अशी यादी कधी केली नाही. मोठी माणसं जिथे निघतील तिथे पोरं मागून फरफटत जायची, आणि अनुभव वगैरे जे काय असेल ते वाटेत मिळायचं. ओवीच्या आईला ते असंच मिळालं, कराडला, फुकटात. ओवीसाठी तिला ऑनलाइन बुकिंग करावं लागतं.

पहिलं बुकिंग कासचं. कासची फुलं शरद सुरू व्हायची वाट बघत नाहीत. नवरात्र उजाडेपर्यंत त्यांची निरवानिरव सुरू झालेली असते. 2025 साली 21 सप्टेंबरचा रविवार सर्वपित्री अमावास्येला आला होता, त्यामुळे सासूबाईंनी काही म्हणायच्या आतच तिने 14 तारीख धरली. साताऱ्यापासून पंचविसेक किलोमीटरवरचं हे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. ‘युनेस्को’ हा शब्द ओवीच्या आईने त्या आठवड्यात इतक्या वेळा उच्चारला, की ओवीने शाळेत जाऊन ‘आम्ही रविवारी युनेस्कोकाकांकडे जाणार आहोत’ असं जाहीर केलं. पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा आधी भरतात. म्हणून रात्री सगळी निजानीज झाल्यावर फोनच्या उजेडात तिने चार जागा पक्क्या केल्या आणि सकाळी नवऱ्याला सांगितलं, ‘‘अरे, आपण कासला चाललोय.’’ ओवीच्या बाबाने ‘‘बरं,’’ म्हटलं. या मोसमात त्याच्या वाट्याला येणारं हे मुख्य वाक्य आहे.

निघायचं पहाटे पाचला, असं ठरलं होतं. ‘‘पाच म्हणजे पाच,’’ हे तिने आदल्या रात्री सगळ्यांना एकेकट्याला गाठून सांगितलं. गाडी हलली पावणेसातला. मधला वेळ पिशवीने खाल्ला. त्या पिशवीत ओवीचे दोन जोड कपडे, ते दोन्ही भिजले तर तिसरा जोड, रेनकोट, उन्हाची टोपी, सनस्क्रीन, डासांचं मलम, तापाचं औषध, तापमापी, उलटीसाठी पिशवी, ती पिशवी ठेवायला दुसरी पिशवी, राजगिऱ्याचे लाडू आणि एक छोटी छत्री होती. सनस्क्रीन आणि रेनकोट एकाच पिशवीत बघून ज्यांना हसू येतं त्यांनी सप्टेंबरात साताऱ्याच्या बाजूला एक दिवस काढावा. सकाळी धुकं, अकराला चटका, दुपारी सर. दुपारी सव्वादोनला त्या गाडीत कोरडं माणूस एकच होतं, आणि त्याच्या अंगावर तिसरा जोड होता.

वाटेत ओवीला एकाच गोष्टीची ओढ लागली होती: बोगदा. साताऱ्याला जाताना बोगदा लागतो, असं बाबा बोलून गेला होता. तो अर्धंच बोलला. खंबाटकीला साताऱ्याकडे जाणारी वाहनं तेव्हा घाट चढून जात. बोगदा येणाऱ्यांच्या वाटेवर होता. शिरवळपासून ‘‘आला का?’’ सुरू झालं, घाटातल्या प्रत्येक वळणावर ते वाढत गेलं, आणि घाट उतरल्यावर ओवीने ‘‘बाबा खोटं बोलला,’’ असा निकाल दिला. परतताना बोगदा आला तेव्हा ती गाढ झोपली होती. तिला उठवावं की उठवू नये यावर पुढच्या सीटवर कुजबुजत भांडण झालं. ते मिटेपर्यंत बोगदा संपला.

पठारावर पोचल्यावर ओवीच्या आईने पर्समधून छापलेला कागद काढला. त्यावर फुलांची नावं आणि चित्रं होती. तेरड्याचा गुलाबी गालिचा लांबूनच दिसतो, सोनकीचा पिवळाही दिसतो. पण कासची खरी गंमत घोट्याच्या उंचीवर आहे. गेंदाचे पांढरे गोंडे, मिकी माऊसचं तोंड दिसतं म्हणून त्याच नावाने ओळखली जाणारी पिवळी कवला, आणि ओलसर जागी निळसर जांभळी सीतेची आसवं. ही शेवटची दिसायला नाजूक, पण कीटकभक्षी आहे. जमिनीखाली तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. हे सगळं तिने ओवीला सोपं करून सांगितलं. ओवीने विचार केला आणि पठारभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘म्हणजे सीता किडे खाते?’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘राम राम राम.’’

त्यानंतर ओवीचं फुलांशी देणंघेणं संपलं. तिला मक्याचं कणीस दिसलं होतं, आणि कणीसवाल्याच्या शेजारी एक डबकं. त्या डबक्यात तिने पहिला आणि दुसरा जोड खर्ची घातला. ओवीची आई मात्र कातळाशी गुडघे टेकून, मान जमिनीला लावून, फोन आडवा धरून एका गेंदाकडे बघत बसली होती. फोटो काढून झाला तरी ती उठली नाही. देखरेख करणाऱ्या माणसाने शिट्टी वाजवली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, ‘‘ओवीला दाखवायचं होतं.’’ ओवी त्या वेळी शंभर पावलांवर होती.

त्यानंतर नवरात्र, आणि नवरात्राने तिच्या कपाटाची परीक्षा पाहिली. नऊ दिवसांच्या नऊ रंगांना धर्मशास्त्रात आधार शोधू नये. विसाएक वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने ही टूम काढली आणि कचेऱ्या, लोकल, शाळा असं करत ती सगळीकडे पोचली. रंग बरेचसे वारांवर चालतात. 22 सप्टेंबरला घटस्थापना सोमवारी आली, म्हणून पांढरा. पांढरा फ्रॉक घालून ओवी शाळेत गेली आणि तिच्या डब्यात त्या दिवशी बिटाचे पराठे होते. असले योग पंचांगात दिलेले नसतात. मंगळवारी लाल होता. तोच फ्रॉक चालला असता, असं बाबा म्हणाला आणि मग दिवसभर काही बोलला नाही. शनिवारी करडा. पाच वर्षांच्या पुण्याच्या मुलीच्या कपाटात गुलाबीच्या सगळ्या छटा असतात, करडा नसतो. बाबाचा जुना टी-शर्ट कात्रीखाली गेला. 2025 साली एक तिथी वाढल्याने नवरात्र दहा दिवसांचं झालं, आणि रंग नऊच. दहाव्या दिवशी काय घालायचं यावर ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत चर्चा चालली. सासूबाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, धुतलेलं काहीही घाला.’’ हे मत ग्रुपवर टाकलं गेलं नाही.

करड्या शनिवारी भोंडला होता. भोंडला पूर्वी घरोघर रोज व्हायचा, मुली एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायच्या. आता सोसायटीचा एकच असतो आणि तो सुट्टी बघून ठेवतात. सूर्य हस्त नक्षत्रात जातो त्या सुमारास हे सगळं येतं, म्हणून पाटावर हत्ती, आणि हस्ताचा पाऊस हाही त्यातलाच. त्या दिवशी पाऊस आला. भोंडला पार्किंगमध्ये हलवला, एक खांब आणि दोन गाड्या यांच्या मधोमध पाट मांडला. पाटावर हत्ती काढायचं काम ओवीच्या आईकडे होतं. तिने रांगोळीने सुरुवात केली, सोंडेपाशी अडली, आणि शेवटी कुणाच्या तरी घरून आलेला निळा कापडी हत्ती पाटावर बसला. त्याला हळदकुंकू वाहिलं. ओवीने त्याच्या पोटातली कळ दाबली. हत्तीने इंग्रजीत वर्णमाला म्हटली.

गाण्यांचंही तसंच होतं. आयांच्या हातात फोन, फोनवर शब्द, आणि ज्या कडव्याला जाहिरात आली त्या कडव्याला गोल थांबायचा. तिसऱ्या गाण्यापासून ओवीच्या आईने फोन खाली ठेवला. तिला येत होतं. कराडच्या आळीतली सगळी गाणी तिच्या तोंडून एकामागून एक येऊ लागली, कडव्यांच्या क्रमासकट. बाकीच्या आया तिच्या मागे म्हणू लागल्या. ओवी दुसऱ्याच फेरीला गोलातून सुटून गाड्यांच्या मागे लपाछपी खेळायला गेली होती, हे तिच्या आईला खिरापतीपर्यंत कळलं नाही.

खिरापत ओळखायचा रिवाज अजून टिकून आहे. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं. पूर्वी त्यात वाटली डाळ, करंजी, भेळ, फार तर साबुदाण्याची खिचडी असायची. आता एका डब्यात पास्ता असतो, दुसऱ्यात मोमो, आणि मुलं काहीही न ऐकता ‘‘मॅगी!’’ म्हणतात. एकदा ते बरोबरही निघतं.

दसऱ्याबद्दल ओवीच्या आईची तक्रार होती आणि ती रास्त होती. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला आला. गांधीजयंती आणि विजयादशमी एकाच गुरुवारी. म्हणजे एक सुट्टी गेली. तिने हे मार्चमध्येच टिपून ठेवलं होतं आणि ज्याला त्याला सांगितलं होतं. पण तारखा ठरवणाऱ्यांपर्यंत बाब पोचली नाही. आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रांची, म्हणजे घरातल्या हत्यारांची पूजा. सुरी, किसणी, मिक्सर, गाडी आणि दोन लॅपटॉप ओळीत मांडले होते. ओवीला कुंकू लावायचा मान दिला. तिने ते मनापासून लावलं. ‘एम’ आणि ‘एन’ या दोन कळा आजही लालसर आहेत आणि कंपनीच्या संगणक विभागाला त्याचं कारण वेगळं सांगितलेलं आहे.

दसऱ्याच्या सकाळी पाटीपूजन. पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढायची असते. घरात पाटी नव्हती. ती ऑनलाइन मागवली, पेन्सिल वेगळी मागवावी लागली, आणि पेन्सिल आल्यावर ओवीने ती चाखून पाहिली. ते बघून सासूबाईंचा चेहरा उजळला. ‘‘ओवीचा बाबा पण खायचा,’’ त्या म्हणाल्या. दुपारी सोनं आणायला ओवीच्या आईने ओवीला मुद्दाम बरोबर नेलं, कारण आपटा आणि कांचन यांतला फरक तिने आदल्या रात्री वाचला होता. दोन्हींच्या पानाला मधोमध खाच असते, आपट्याचं पान आखूड आणि जाडसर, कांचनाचं मोठं. आणि बाजारात आपटा म्हणून कांचनही सर्रास विकला जातो. कर्वे रस्त्यावरच्या एका टोपलीपाशी तिने हे सगळं सांगितलं, दोन पानं हातात धरून. पानवाल्या मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘ताई, वाटायचंय ना? खायचं थोडंच आहे.’’ तिने कांचन घेतला.

कोजागिरी सोमवारी आली, 6 ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी शाळा. आश्विन पौर्णिमेला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळायची रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. तिला आश्विनी म्हणतात. ओवी एकुलती एक, म्हणजे ज्येष्ठच. तिला आईने ओवाळलं, नवा फ्रॉक दिला. बाबाही त्याच्या आईचा थोरला. त्याला सासूबाईंनी ओवाळलं, शर्ट दिला. ओवीची आई भावाच्या पाठची. तिने निरांजन तयार केलं, औक्षणाचं ताट मांडलं, दोघांचे फोटो काढले आणि दूध आटवायला गेली. मसाला दुधात चंद्र बघायचा म्हणून सगळे गच्चीवर गेले, तर गच्चीला कुलूप, किल्ली पहारेकऱ्याकडे आणि पहारेकरी जेवायला. किल्ली येईपर्यंत दुधावर साय धरली. ओवी सायीच्या दुधाला हात लावत नाही. चार पेले दूध ओवीच्या आईने एकटीने गच्चीच्या कठड्याशी उभं राहून प्यायलं, आणि तिला ते फार आवडलं असं दिसलं.

मोठ्या शिशूला सहामाही परीक्षा नसते. तिथे ‘मूल्यांकन’ असतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ओवी रंग ओळखते आणि शेजारच्या मुलाचा डबा खाते, असं कळलं.

मग दिवाळीची खरेदी. दिवाळीच्या तोंडावर तुळशीबागेत मूल घेऊन जाणं हे धाडस आहे. पण 2024च्या सप्टेंबरात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून ओवीच्या आईला धीर आला आहे. वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालयाला उतरून जमिनीच्या पोटात जायचं, कसबा पेठेनंतर मंडई. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक तीसेक मीटर खोल आहे, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. इतक्या खोल जायचं म्हणजे सरकते जिने भरपूर. ओवीचा त्या दिवसाचा अनुभव तिथेच पुरा झाला. ती खाली गेली, वर आली, परत खाली गेली. बाबाला तिच्याबरोबर जावं लागलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याचीही काही तक्रार दिसत नव्हती. इतका बोगदा तिला खंबाटकीत मिळाला नव्हता.

तुळशीबागेत ओवीच्या आईला भातुकली घ्यायची होती. पितळी. तुळशीबागेतली भातुकली हे पुण्याच्या तीन पिढ्यांचं बालपण आहे: इवलासा बंब, जातं, खलबत्ता, कळशी, विळी. ओवीला हवे होते चालताना दिवे लागणारे बूट. दोन्ही घेतलं. घरी आल्यावर ओवीने बूट घालून घरातले दिवे मालवले आणि अंधारात धावत सुटली. ओवीच्या आईने पितळी बंब चिंचेने घासला, ओट्याच्या कोपऱ्यात सगळा संसार मांडला आणि जात्यात खरंच दोन दाणे टाकून पाहिले. ते दळले गेले नाहीत. तिने जातं उलटं करून, फुंकर मारून, पुन्हा पाहिलं.

किल्ल्याची गोष्ट जरा निराळी, कारण तिथे बाबा लोक जागे होतात. 2025च्या जुलैमध्ये शिवकालाशी जोडलेले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ओवीच्या आईने सोसायटीच्या ग्रुपवर तिचा आवडता शब्द लिहिला आणि यंदा यादीतलाच किल्ला करू या, असं सुचवलं. पुण्याच्या मुलांचा नेहमीचा किल्ला सिंहगड. तो या यादीत नाही. यावर बी विंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी जाहीर खेद व्यक्त केला, आणि शेवटी तीन माच्यांचा राजगड ठरला. लाल मातीची पोती आली. विटा आल्या. मातीवर अंथरायला जुनं गोणपाट हवं होतं. ते कुणाकडेच निघालं नाही, कारण तांदूळ आता प्लास्टिकच्या पिशवीत येतो. मुलांनी अर्धा तास चिखल कालवला आणि ती खेळायला गेली. संजीवनी माची रात्री साडेबारा वाजता पुरी झाली, तीन बाबांच्या हातून, आणि त्यांतल्या दोघांना दुसऱ्या दिवशी कचेरीत सकाळची मीटिंग होती.

मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणले. मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, तोफ मावळ्यापेक्षा लहान असते आणि पायथ्याला वाघ गाईशेजारी बसतो. या प्रमाणशास्त्रात महाराष्ट्रात कुणी ढवळाढवळ करत नाही. सासूबाईंनी उतारावर अळीव पेरले, चौथ्या दिवशी राजगड हिरवा झाला. ओवीने बालेकिल्ल्यावर महाराजांच्या शेजारी एक डायनासोर ठेवला. कुणी तो काढला की ती परत ठेवायची. बी विंगचे गृहस्थ रोज सकाळी फिरायला जाताना तो खाली ठेवत, ओवी शाळेला जाताना वर ठेवी. लक्ष्मीपूजनापर्यंत हा वेढा चालला.

फराळाचं ओवीच्या आईचं धोरण स्पष्ट आहे. लाडू, चिवडा, करंज्या, अनारसे बचत गटाच्या बायकांकडून. न्यू जर्सीच्या नणंदेचा डबा कुरियरने आधीच रवाना. आणि एक पदार्थ घरी, स्वतः, ओवीला दाखवायला. यंदा चकली. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे-जिरे भाजून भाजणी आणली. पीठ मळलं, सोऱ्यात भरलं, ओवीला सोऱ्या फिरवायला दिला, व्हिडिओ सुरू केला. पहिली चकली कढईत पडली आणि तेलात विरून गेली. दुसरीही. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि हे त्यांच्या थोरपणाचं लक्षण मानावं लागेल. मग म्हणाल्या, ‘‘मोहन जास्त झालंय. आणखी भाजणी घाल.’’ भाजणी वाढवल्यावर चकली जमली. व्हिडिओत फक्त नंतरच्या चकल्या आहेत. ओवीने चार खाल्ल्या आणि विचारलं, ‘‘त्या पळून गेलेल्या कुठे गेल्या?’’

वसुबारसेला सोसायटीच्या फाटकाशी एक गाय आणि वासरू आणलं होतं. ओवीने वासराला चकली देऊ केली, वासराने ती घेतली, एवढाच त्या दिवसाचा वृत्तांत. दिवाळी अंक मात्र सांगायला हवेत. ओवीची आई दर वर्षी स्वतःसाठी चार आणि ओवीसाठी ‘किशोर’ घेते. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं, तिच्या आईनेही तिला घेऊन दिलं होतं. मोठे चार अंक उशाशी रचले जातात आणि पुढच्या वर्षीचे आले की रद्दीला जातात. त्यांतल्या एखाद्याचं अर्धं संपादकीय वाचून झालेलं असतं. ‘किशोर’ रोज रात्री वाचला जातो. ओवी दुसऱ्या पानाला झोपते. दिवा पुढेही बराच वेळ चालू राहतो.

पाडव्याला सगळे घरात होते. अभ्यंगस्नान, फराळ, ओवाळणी, साडी, सगळं यथासांग झालं होतं आणि दुपारी काय करावं हे कुणाला सुचत नव्हतं. तेव्हा ओवीच्या बाबाने या मोसमातली त्याची पहिली आणि शेवटची सूचना मांडली. ‘‘अगं, कात्रजला प्राणी बघायला जाऊ या का?’’

ओवीची आई पायांना तेल लावत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, ‘‘आज बुधवार आहे. बुधवारी बंद असतं.’’

आता पुढच्या वर्षाचं. नवं कालनिर्णय घरात आलं त्याच संध्याकाळी तिने ते ओट्यावर पसरलं. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून त्यानंतरचे सगळे सण पुढे गेले आहेत. घटस्थापना 11 ऑक्टोबरला, दसरा 20 ऑक्टोबरला, म्हणजे गांधीजयंतीची सुट्टी सुटून आली. लक्ष्मीपूजन मात्र 8 नोव्हेंबरला, रविवारी; ती सुट्टी गेली, आणि याबद्दल ग्रुपवर निषेध नोंदवून झाला आहे. 2 ऑक्टोबर शुक्रवारी येतो, शनिवार-रविवार धरून तीन दिवस होतात. वाचकांपैकी कुणाला त्या तीन दिवसांत महाबळेश्वरला किंवा कोकणात खोली हवी असेल, तर त्यांनी फोन लवकर करावा. ओवीच्या आईने केला आहे.